टक्क आवाजाचं मूळ मधल्या रेघेत

प्रश्न : लॅपटॉपच्या माइक जॅकला साधा माइक लावून मी ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि संपादन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कथावाचन रेकॉर्ड करते. चुका कापल्या, परिच्छेदांच्या मध्ये ‘जनरेट सायलेन्स’ने शांतता घातली. आता प्रत्येक जोडावर ‘टक्क’ वाजतं. मधली रेघ थोडी वर सरकलेली आहे हे नंतर लक्षात आलं, म्हणून सगळा ट्रॅक निवडून नॉर्मलाइझ या इफेक्टमधली ‘रिमूव्ह डीसी ऑफसेट’ची खूण लावून पाहिली. टक्क तसंच आहे. पुन्हा सगळं वाचायचं का?

उत्तर : मुळीच नाही. रोग तुम्ही बरोबर ओळखलात, फक्त औषध कापाकापीनंतर दिलंत.

कुणी बोलत नसताना वेव्हफॉर्मची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखाची, रेघ 0.0 वर टेकलेली हवी. तुमची 0.05 वर आहे असं धरू. आवाजात एक स्थिर व्होल्टेज मिसळलंय, त्यानं सगळी रेघ उचलली. यालाच डीसी ऑफसेट म्हणतात. स्थिर असल्यामुळे ते ऐकू येत नाही. पण ‘जनरेट सायलेन्स’ची शांतता असते बरोबर 0.0 वर. म्हणजे जोडावर रेघ एका सॅम्पलमधून (आवाजाच्या एका मोजणीतून) दुसऱ्यात जाताना 0.05 वरून थेट शून्यावर कोसळते. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये हे सेकंदाच्या 44,100 व्या भागात घडतं. ती पायरीच तुम्हाला टक्क म्हणून ऐकू येते.

आता सगळा ट्रॅक निवडल्यावर काय झालं ते पाहा. ऑडॅसिटी निवडलेल्या भागाची सरासरी काढते आणि तेवढी वजा करते. ट्रॅकचा पाचवा हिस्सा घातलेली शांतता असेल, तर सरासरी येते 0.04. वजा केल्यावर तुमचं वाचन बसलं 0.01 वर आणि शांतता गेली उणे 0.04 वर. दोघांमधलं अंतर? तेच, 0.05. पायरी जागची हलली नाही, नुसती खाली उतरली.

याच खड्ड्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. वडिलांच्या आठवणींचं 40 मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, त्यात 61 जोड. प्रत्येक जोडाला फेड देत, म्हणजे आवाज हळूहळू विरवत, बसलो आणि वाक्यांची शेवटची अक्षरं विरत गेली. ‘होतं’मधला ‘तं’ निम्माच ऐकू यायचा. त्यांचा आवाज तोवर बसला होता, पुन्हा बोलवून घेणं शक्य नव्हतं. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल न कापलेली ठेवली होती म्हणून निभावलं. तुमच्याकडेही ती असेल तर तिच्यावर आधी ऑफसेट काढा, मग कापायला घ्या. पहिलं काम हेच, नॉइज रिडक्शनच्याही आधी.

मूळ फाइल नसेल तर असं करा. सगळ्या ट्रॅकवर लावलेला इफेक्ट अनडू करा. मग एका शांततेपासून पुढच्या शांततेपर्यंतचा फक्त बोललेला भाग निवडा. नॉर्मलाइझ उघडा, डीसी ऑफसेटची खूण राहू द्या आणि पीक ॲम्प्लिट्यूडची (सर्वात मोठ्या आवाजाची पातळी ठरवणारी) खूण काढा. ती राहिली तर प्रत्येक परिच्छेद वेगळ्या पातळीला चढेल. पुढचा भाग निवडून कंट्रोल-आर दाबा, तोच इफेक्ट पुन्हा लागतो. अनडू करता येत नसेल तर शांततेचे तुकडे निवडून कंट्रोल-एलनं शून्यावर आणा. एखाद्या शब्दाएवढा तुकडा मात्र एकटा निवडू नका. इतक्या लहान भागाची सरासरी मुळातच शून्य नसते, त्यामुळे तो उलट सरकेल.

वाक्याच्या आत चूक कापलेल्या जागी टक्क येत असेल, तर तिथं दोन्ही बाजू सारख्याच उचललेल्या असतात. दोष ऑफसेटचा नाही, लाटा जुळत नाहीत. कापण्याआधी झेड दाबलं की निवडीची टोकं रेघ शून्य ओलांडते तिथं सरकतात. पण शांत जागी ऑफसेट असताना रेघ शून्य ओलांडतच नाही, त्यामुळे झेडला धरायला काही सापडत नाही. ऑफसेट आधी काढायचा, याचं हेही एक कारण.

हाय-पास फिल्टरनं, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येखालचा आवाज गाळणाऱ्या इफेक्टनं, भागेल का, असं पुष्कळजण विचारतात. रेघ सावकाश वरखाली होत असेल आणि अजून काही कापलं नसेल, तर 20 हर्ट्‌झचा फिल्टर उत्तम. कापलेल्या ट्रॅकवर नको. पायऱ्या जात नाहीत, प्रत्येक पायरीमागे एक ओसरती शेपटी तेवढी लागते.

दोष कुठला, तेही शोधा. माइक काढून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि रेघ उभी ताणून पाहा. तरीही ती वर असेल तर बहुधा लॅपटॉपचं साउंडकार्ड, नाहीतर माइक किंवा केबल. साउंडकार्ड असेल तर यूएसबी माइक किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक जोडायचं बाहेरचं उपकरण) घेणं हाच कायमचा इलाज. रेकॉर्ड सुरू केल्यावर पहिल्या क्षणी रेघ भरकटून जागेवर येत असेल, तर दोन-तीन सेकंद थांबून बोला आणि तो भाग टाकून द्या. रेघ 0.001 इतकीच हललेली असेल तर तिच्यामागे लागू नका.

शांततेच्या जागी खोलीचाच आवाज भरता आला तर फार चांगलं. माइकसमोर गप्प बसून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि त्याचाही ऑफसेट काढून तो वापरा. श्रोत्याला मध्येच भिंत आल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न : माझ्या आवाजाची लाट वर कमी आणि खाली जास्त दिसते. ऑफसेट काढूनही फरक पडत नाही.

उत्तर : तो ऑफसेट नाहीच. दोन शब्दांमधल्या शांत जागी रेघ शून्यावर आहे ना? मग काळजी नको. स्वरतंतू उघडतात सावकाश आणि मिटतात झटक्यात, त्यामुळे माणसाच्या आवाजाची लाट अनेकदा एकांगी निघते. ट्रम्पेटचीही निघते. ही लाट ओढून मध्यावर आणायला जाल तर शांत जागा शून्यावरून हलतील, म्हणजे नसलेला ऑफसेट तुम्हीच तयार कराल. फक्त रेकॉर्डिंगची पातळी लावताना मोठ्या बाजूकडे पाहा, कारण पातळी मर्यादेबाहेर गेली की आधी फाटते ती तीच बाजू, आणि फाटलेली टोकं नंतर ऑफसेट काढून परत येत नाहीत.