रहस्यकथेतला एआय साथीदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक) : माझ्या कथेत इन्स्पेक्टरच्या मदतीला एआय आहे. पण सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार सगळंच त्याच्या हाताशी असल्यामुळे खुनी दुसऱ्या पानावरच सापडतो. रहस्य टिकवायचं कसं?

उत्तर : ही अडचण जुनीच आहे. अमेरिकी संपादक जॉन कॅम्पबेल यांचं मत होतं की विज्ञानकथेत खरी रहस्यकथा जमणार नाही. गाडं अडलं की लेखक एखादं नवं यंत्र काढून सुटका करून घेणार. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी 'द केव्ह्ज ऑफ स्टील' या कादंबरीत एलायजा बेली हा पोलीस आणि आर. डॅनिल ऑलिव्हॉ हा यंत्रमानव अशी जोडी उभी करून त्याला उत्तर दिलं. ती कादंबरी १९५३ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १९५४ मध्ये पुस्तकरूपात. यंत्रमानवांवर कोणती बंधनं आहेत हे तिथे वाचकाला वेळेत कळतं आणि कोडं त्या बंधनांना धरूनच उलगडतं. शेवटी नवी शक्ती कुठूनही टपकत नाही.

तुम्हीही कथेआधी यंत्राचं एक टिपण करा. त्याला कोणती माहिती मिळते, किती उशिरा मिळते, कोणती मिळतच नाही? उदाहरणार्थ सीडीआर, म्हणजे मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद. त्यात कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि फोन कोणत्या टॉवरवर होता हे येतं. बोलणं काय झालं ते येत नाही. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल त्यात दिसत नाही. टॉवरवरून घर नव्हे, परिसर कळतो. शहरात काहीशे मीटरचा, खेड्यात कित्येक किलोमीटरचा. शिवाय फोन घरी ठेवून माणूस बाहेर पडू शकतो. एवढ्या फटी असताना खुनी दुसऱ्या पानावर सापडत असेल, तर तुम्ही यंत्राला त्याच्या कुवतीबाहेरचं काम दिलं आहे.

चेहरा ओळखण्याचं गणितही एकदा कागदावर मांडा. समजा यंत्र १० लाख फोटोंत शोधतंय आणि दर दहा हजार फोटोंमागे एक चुकीची जुळणी देतंय. म्हणजे इन्स्पेक्टरच्या टेबलावर सुमारे १०० निरपराध माणसांची नावं येणार आणि खुन्याचा फोटो त्या साठ्यात नसेल, तर खुनी त्या यादीत नसणारच. इथे तपास संपत नाही, सुरू होतो. 'जुळणी ९८ टक्के' असं वाक्य लिहिलंत तर तो आकडा दोन फोटोंच्या साम्याचा आहे, गुन्हा केल्याच्या शक्यतेचा नाही, हे तुमच्या नायिकेला ठाऊक हवं. तिच्या वरिष्ठांना ठाऊक नसेल तर कथेला संघर्षही आयता मिळतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये दुकानातल्या अस्पष्ट चित्रणाची एका वाहन परवान्याच्या फोटोशी जुळणी झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी एका निर्दोष माणसाला घरासमोरून अटक करून सुमारे ३० तास डांबलं. त्याच्या दाव्यात २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर तिथे केवळ अशा जुळणीवरून अटक करता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात एआय दाखवलं तर खरं वाटेल का? कायद्याचं काय?

उत्तर : वाटेल. राज्य पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही एआय कंपनी २०२४ मध्ये नागपुरात उभी राहिली आहे, त्यामुळे हा विषय परका राहिलेला नाही. खटकतं ते वेगळंच : यंत्र नाव सांगतं आणि पुढच्या ओळीत बेड्या पडतात. पंचनाम्यावर, दोषारोपपत्रावर सही माणसाचीच लागते. उलटतपासणीत 'याच्यावरच संशय का?' असं विचारलं, तर 'संगणकाने सांगितलं' हे उत्तर वकील टिकू देणार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनी रहस्यकथाकाराला चांगलं सामान दिलंय. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे (कलम १७६). डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं : पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा जणू बोटाचा ठसा, लिहावी लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती किंमत बदलते. जप्तीच्या वेळची आणि न्यायालयात आलेल्या फाइलची हॅश जुळत नाही, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

आणि डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ विसरू नका. दुकानातल्या डीव्हीआरची वेळ बऱ्याचदा चुकीची असते. म्हणून चित्रण ताब्यात घेताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहितात. समजा डीव्हीआर ११ मिनिटं मागे आहे. पडद्यावर ९:०५ दिसतात तेव्हा खरे ९:१६ झालेले असतात. यंत्राला नुसती फाइल मिळाली तर ते ९:०५ धरून संशयिताला घटनास्थळी पोचवेल. पंचनामा उघडून वाचणारी हवालदार ते कोडं सोडवेल. ही ओळ पंचनाम्याच्या वर्णनात सहज जाता जाता येऊ द्या, म्हणजे वाचकाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

प्रश्न (पणजी) : एआयचे संवाद कृत्रिम वाटतात. काय करू?

उत्तर : त्याला कमी बोलू द्या. 'मी पाहतो' म्हणावं की 'मी पाहते', ही अडचण मराठीत लगेच येते. 'नोंद सापडली', 'दोन क्रमांक जुळतात' अशी वाक्यं वापरली की ती मिटते. ठाण्यातली माणसं 'साहेब', 'मॅडम' म्हणत असताना यंत्राने इन्स्पेक्टरला एकेरी हाक मारली तर कान टवकारतात, त्यामुळे तसं करायचं तर कारणासाठीच करा.

त्याचं ऐकणं मात्र नीट रंगवा, तिथे भरपूर मसाला आहे. चौकशीत वैतागलेली सून म्हणते, 'हो, मीच मारलं ना त्यांना!' यंत्राने उतरवलेल्या मजकुरात उरतं : 'हो मीच मारलं ना त्यांना.' सूर गेला, उद्गारचिन्ह गेलं, आणि टीव्हीवर कबुलीजबाबाची बातमी चालली. पोलिसांपुढची कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे जाणणारा अधिकारी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकेल. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारे साक्षीदार आणा. प्रमाण मराठीवर तयार झालेलं यंत्र तिथे अडखळतं आणि स्थानिक शिपाई कामाला येतो.

प्रश्न (पुणे) : खुनी एआयच निघाला तर?

उत्तर : दचकवण्यापुरतं ठीक, पण हेतूच नसेल तर वाचकाची निराशा होते. यंत्राचा वापर करणारा माणूस जास्त चांगला. एका यंत्राकडून औषधाची मात्रा बदलून घ्यायची, दुसऱ्याकडून नर्सला येणारी सूचना बंद करायची. दोघांनाही पूर्ण चित्र ठाऊक नाही. जोडणारा हात शोधायचा.

प्रश्न (ठाणे) : दिवाळी अंकासाठी ३,००० शब्दांची कथा आहे. किती दुवे पेरू?

उत्तर : यंत्राची एकच मर्यादा आणि तिच्याकडे नेणारे दोन दुवे पुरेत. मर्यादा पहिल्या ८०० शब्दांत एखाद्या निरुपद्रवी प्रसंगातून दाखवा, जसं यंत्र हवालदाराच्या चपलेवरचा चिखल टिपत नाही. पहिला दुवा १,००० शब्दांच्या आसपास, दुसरा १,८०० च्या आत. उकल ५०० शब्दांत संपवा आणि त्यात एकही नवी तांत्रिक माहिती आणू नका. लिहून झाल्यावर यंत्राची सगळी वाक्यं खोडून कथा वाचा. रहस्य तसंच सुटत असेल, तर यंत्र शोभेचं आहे. मग इन्स्पेक्टरची वाक्यं खोडा. तरीही सुटत असेल, तर दुसरा दुवा बदला. तो फक्त माणसाच्याच नजरेला पडेल असा हवा.