खात्यात पैसे आहेत, मग घरात सुख का नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी पैसा आणि समाधान या विषयावर प्रश्न पाठवा असं म्हणलं होतं, आणि इतके आले की सगळे घेणं शक्य नाही. पाच निवडलेत. मी 24 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर, आणि आता लोकांच्या घरात बसून त्यांच्या पैशाचा हिशोब लावून द्यायचं काम करतो, त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं बघितलेलं आहे.

प्रश्न: मी साताऱ्यात दोन घरी स्वयंपाक करते आणि दुपारी शिवणकाम. नवरा रिक्षा चालवतो. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाईल, बचत गटाचा हप्ता आहे, सासूबाईंची औषधं आहेत. कीर्तनात, टीव्हीवर सगळीकडे ऐकते की पैशात सुख नसतं. मला तर वाटतं महिन्याला दहा हजार जास्त आले तर मी सुखी होईन. माझं चुकतंय का?

ताई, अजिबात चुकत नाहीये. पैशात सुख नाही हे वाक्य ज्याच्या घरात महिनाअखेरीला पैसे उरतात त्यानी स्वतःपुरतं म्हणावं, तुम्हाला ऐकवू नये. माझे वडील ॲडमिट झाले तेव्हा काउंटरवर आधी डिपॉझिट भरा म्हणाले, रात्रीचे अकरा, आणि मी स्वतः बँकेत असून माझ्या खात्यात तेवढे नव्हते. एका शेजाऱ्यानी दिले. त्या अर्ध्या तासात पैसा म्हणजे काय ते मला जेवढं कळलं तेवढं नोकरीत कळलं नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

आणि टंचाईचा त्रास फक्त मनाला होत नाही, डोक्यालाही होतो. तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 मध्ये छापून आला. त्यांना ऊस जायच्या आधी, हात आवळलेला असताना, कोडी सोडवायला दिली आणि नंतर पैसे हातात आल्यावर पुन्हा दिली. माणसं तीच, पण आधीच्या वेळी त्यांना ती कोडी जास्त जड गेली. म्हणजे अक्कल कमी नव्हती हो, अर्धं डोकं देणेकऱ्यांनी व्यापलेलं होतं. तुमच्या भागात उसाचं बिल जमा व्हायच्या आधी घराघरात काय वातावरण असतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन कामं लगेच करा. मुलीच्या फीचं आधी बघा, 2024-25 पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मधल्या 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून लागतो आणि उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदं वेळेत लागतात, म्हणून सेतू केंद्रात आत्ताच जा. तुमच्या प्रवर्गाला काय लागू होतं ते कॉलेजच्या ऑफिसात स्पष्ट विचारून घ्या. दुसरं, बचत गटाव्यतिरिक्त महिन्याला तीनशे का होईना पण वेगळे ठेवा, फक्त आजारपणासाठी, कुणाला न सांगता. वर्षाचे 3600 म्हणजे काही संपत्ती नाही, पण रात्री झोप लागायला तेवढ्यानीही फरक पडतो हे मी बघितलंय.

प्रश्न: वय 34, हिंजवडीत आयटीत. पाच वर्षांत पगार अडीचपट झाला. वाकडला थ्री बीएचके, गाडी, सगळं आहे. पण खरं सांगू का, पहिल्या नोकरीत चौघं मिळून एका फ्लॅटवर राहायचो तेव्हा जास्त मजेत होतो. हल्ली झोपही नीट लागत नाही. बायको म्हणते तुझी हाव संपत नाही. अमेरिकेत म्हणे शोध लागलाय की ठरावीक पगारानंतर सुख वाढतच नाही, ते खरं का?

अर्धं खरं. 2010 मध्ये डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोघांनी अमेरिकेतल्या लाखो लोकांची उत्तरं तपासून सांगितलं होतं की वर्षाला साधारण 75 हजार डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही. काहनेमन तेव्हाच नोबेलवाले, डीटनना पुढे 2015 मध्ये मिळालं, आणि तो आकडा जगभर फिरला. मग 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थनी मोबाईल ॲपवर लोकांना दिवसात मधेच विचारून बघितलं की आत्ता कसं वाटतंय, तर त्यांना असा कुठला थांबा दिसलाच नाही. पुढे मला फार आवडलेली गोष्ट झाली, काहनेमन भांडत बसले नाहीत, दोघांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि 2023 मध्ये मिळून लिहिलं की बहुतेकांचं सुख पगाराबरोबर वाढत राहतं, फक्त जे मुळात सगळ्यात दुःखी आहेत, साधारण पाचातला एक, त्यांचं मात्र 1 लाख डॉलरच्या आसपास थांबतं. त्यांचं दुखणं पैशानी बरं होणारं नसतंच.

आता हे वाढणं कसलं ते नीट बघा. 20 हजाराचे 40 हजार झाल्यावर जेवढं बरं वाटतं तेवढंच परत वाटायला 1 लाखाचे 2 लाख व्हावे लागतात. तुम्ही वरच्या पायरीवर आहात, तिथे बारा हजाराची वाढ कळतसुद्धा नाही, आणि ती यायच्या आधीच ईएमआय ठरलेला असतो.

तुमच्या मेलमध्ये मला हाव दिसली नाही. मला दिसलं की सकाळी आठला निघता, रात्री साडेनऊला घरी येता, मुलगी झोपलेली असते. चौघांच्या फ्लॅटवर पैसे नव्हते पण संध्याकाळ होती, ती आता विकली गेलीये. तर पुढची पगारवाढ होईल तेव्हा मोठी गाडी घेऊ नका, वेळ विकत घ्या. व्हँकुव्हरमध्ये 2017 साली 60 जणांना एका शनिवार-रविवारी 40 डॉलर वस्तूवर खर्च करायला दिले आणि दुसऱ्या वेळी वेळ वाचेल अशा कामावर, म्हणजे घरकामाला माणूस वगैरे, तर वेळ वाचला तेव्हा लोक जास्त खूष होते. आपल्याकडे कामाला मावशी असतात पण तो वाचलेला वेळ आपण परत लॅपटॉपला देतो, खरी गोम तिथे आहे. ऑफिसजवळ भाड्यानी राहून वाकडचा फ्लॅट भाड्यानी देता येतो का बघा, आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागा, कमी पगाराची पण संध्याकाळी सहाला सोडणारी नोकरी आली तर तिला लगेच नाही म्हणू नका.

आणि झोप लागत नाही म्हणता ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर पैशाच्या सल्लागाराला नाही, डॉक्टरला दाखवा. 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: आमची साडेतीन एकर समृद्धी महामार्गात गेली. सगळे मिळून एक कोटी चाळीस लाख आले. दोन भाऊ, दोन बहिणी. बहिणींनी सही दिली, आम्ही त्यांना साडीचोळी आणि एकेक लाख दिले. आता बंगला आहे, स्कॉर्पिओ आहे, धाकट्याच्या मुलीचं लग्न थाटात झालं, त्यात वीसेक लाख गेले. पण धाकटी बहीण तीन वर्षं राखी बांधायला आली नाही. आई सारखी रडते. माझ्याकडे अजून अठ्ठावीस लाख आहेत. गावात सगळे म्हणतात तुमची लॉटरी लागली. आम्हाला कसलंच सुख नाही.

दादा, हा मेल मी तीनदा वाचला.

समृद्धी 701 किलोमीटरचा आहे, 10 जिल्ह्यांतून जातो, आणि त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत मी हीच गोष्ट ऐकलीये, चाकण-पनवेलच्या बाजूला तर त्याच्याही आधीपासून. लोक लॉटरी म्हणतात ते मला पटत नाही. लॉटरीत काही जात नाही, नुसतं येतं. स्वीडनमध्ये मोठी बक्षिसं लागलेल्यांचा अभ्यास झालाय, 2020 मध्ये छापून आला, त्यात दहा वर्षांनंतरही त्या लोकांचं एकूण आयुष्याबद्दलचं समाधान जास्तच होतं, रोजचा आनंद मात्र त्या मानानी फारसा वाढलेला नव्हता. म्हणजे अचानक आलेला पैसा घर मोडतोच असं काही नाही. पण तुमच्याकडे पैसा आला तो जमीन जाऊन आला. सकाळी उठल्यावर जायची जागा गेली, विहीर गेली, बांधावरचा आंबा गेला, आणि साडेतीन एकर म्हणजे चार भावंडांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट होती ती रस्त्याखाली गेली. त्याचं सुतक कुणी धरलं नाही, सगळ्यांनी पेढे मागितले. म्हणून आधी हे मान्य करा की तुम्हाला दुःख झालंय, त्यात कृतघ्नपणा नाही.

आता बहिणीचं. इथे मी गोड बोलणार नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, 2005 च्या दुरुस्तीनी दिला आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानी स्पष्ट सांगितलं की तो जन्मानी मिळतो, 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर अवलंबून नाही. तुमच्या मेलवरून तरी ही जमीन आजोबांपासूनची दिसते. तर तुमच्या बहिणींनी जी सही दिली ती भावावरच्या मायेपोटी दिली. माहेर तुटू नये म्हणून बायका हक्कसोडपत्रावर अंगठे उठवतात, मग बंगल्याच्या वास्तुशांतीला येतात, फरशीकडे बघतात आणि गप्प जेवून जातात. धाकटीला पैशाचा राग आला असेल असं मला वाटत नाही, तिला न विचारता तिच्या मायेचा भाव एक लाख ठरवला गेला, तो लागलाय.

कायद्यानी आता काय होईल ते वकिलाला विचारा, नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही. पण तुमचा प्रश्न सुखाचा आहे ना, मग माझं म्हणणं सरळ आहे. अठ्ठावीस लाखांतले दोन्ही बहिणींना प्रत्येकी सात-आठ लाख द्या, भाऊ देवो न देवो. उरलेल्यात तुमचं भागतं का, तर मी हिशोब केला, तुम्हाला ट्रॅक्टरचं भाडं येतंय, मुलगा कामाला लागलाय, भागतं. वहिनींशी आधी बोला, त्यांच्या मागे काही करू नका. चेक पोस्टानी पाठवू नका, जावयांच्या हातात देऊ नका. स्वतः जा, आईला घेऊन जा, बहिणीच्याच खात्यात भरा आणि म्हणा की हे तुझंच होतं, मला उशीर झाला. ती कदाचित घेणार नाही, कदाचित पहिल्यांदा भांडेल, तीन वर्षांचं सगळं काढेल. ऐकून घ्या. मधे बंगल्याचा खर्च किती झाला ते सांगू नका.

राहिलेली रक्कम एका बँकेत एका नावावर 5 लाखाच्या वर ठेवू नका, ठेव विमा व्याजासकट तेवढाच आहे, हे विशेषतः गावच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवणाऱ्यांनी ऐका, पतसंस्थेला तर तो विमाही लागू नाही.

प्रश्न: वय 26, नोकरी करतो, ऑप्शन ट्रेडिंग शिकतोय. दोन कोटी झाले की नोकरी सोडून सुखात राहायचं असा प्लॅन आहे. आत्तापर्यंत दोन लाख गेलेत पण शिकायची फी समजतो.

बंद करा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनी 2024 मध्ये जाहीर केलं की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या 1 कोटीपेक्षा जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी 2 लाखाच्या आसपास. म्हणजे तुम्ही अगदी त्या सरासरीवर आहात. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, सुरू करा, आणि ट्रेडिंग सुटत नसेल, बाजार उघडला की हात थरथरत असेल, तर ते घरात कुणालातरी आजच सांगा.

प्रश्न: निवृत्त शिक्षक, वय 71, मूळ बीड जिल्हा, आता लातूर. पेन्शन आहे, ठेवी आहेत, मुलं चांगली कमावतात. पण माझ्या हातून खर्च होत नाही. पत्नीचे गुडघे दुखतात, ती पोळ्यांना बाई लावू म्हणते, मी टाळतो. मुलं कंजूष म्हणतात. पैसा असून मी सुखी का नाही?

सर, तुम्ही मेलमध्ये एक ओळ सहज लिहिलीत, की 72 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि तुम्ही दुष्काळात वाटली जाणारी सुकडी खाऊन कॉलेजला गेलात. मला वाटतं उत्तर तिथे आहे. ज्यानी अठराव्या वर्षी तांबडा मिलो, म्हणजे तेव्हाची रेशनवरची परदेशी ज्वारी, खाल्लाय त्याला ठेवीचा कागद म्हणजे पैसा वाटत नाही, त्याला ते धान्य वाटतं, आणि साठवलेल्या धान्याला हात लावायचा नसतो. मुलांना हे कळत नाही कारण त्यांनी ते बघितलं नाही. त्यांना एकदा सगळं सांगा, तुमच्या आईच्या हाताचे घट्टे कसे होते तेसुद्धा.

भीती आहे ती आजारपणाची, तर तिलाच आधी जागा करून द्या. 70 च्या वरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत उपचार मिळतात, 2024 च्या ऑक्टोबरपासून, आधार घेऊन कार्ड काढा. त्याशिवाय एक ठेव फक्त दवाखान्याची म्हणून वेगळी करा, पावतीवर पेन्सिलीनी तसं लिहा. मग पेन्शनमधले महिन्याला सहा हजार वेगळ्या खात्यात आपोआप जातील असं बँकेत सांगून या आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड पत्नीकडे द्या. हिशोब मागायचा नाही.

देताना हात अडतो, पण दिल्यावर बरं वाटतं हे मात्र खरं आहे. 2008 च्या एका प्रयोगात 46 विद्यार्थ्यांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर दिले, काहींना स्वतःवर खर्च करा म्हणलं, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त आनंदात होते, रक्कम कितीची होती त्यानी फरक पडला नाही. तुमच्या जुन्या शाळेत एखाद्या पोराची वर्षाची वह्या-पुस्तकं घेऊन बघा, तुम्हाला ते जमेल, शिक्षक आहात.

पण ते नंतर. आधी पोळ्यांना बाई लावा, या सोमवारपासून. तुमच्या पत्नीचे गुडघे गेली पन्नास वर्षं ओट्यापाशी उभे आहेत, आणि पहिल्या दिवशी दोघं मिळून गरम पोळी खायला बसा, त्यांना मधे उठू देऊ नका.