समोच्च रेषांचा धडा आणि वाळूची पेटी

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. 'ऑगमेंटेड रिॲलिटी'चे साहित्य घेण्याचा विचार आमच्या शाळेत सुरू आहे. त्याने मुलांची समज खरोखर वाढते, की नवलाई ओसरली की सारे संपते?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र नेमक्या जागी बसवणे, ही या तंत्राची करामत. पण वर्गात ते सार्थकी लागते ते पुस्तकाच्या पानाचा सपाटपणा मुलांच्या आड येतो अशाच ठिकाणी. टेबलावर वाघ उभा केला तर वर्ग हरखतो, मात्र वाघाविषयी नवे फारसे कळत नाही. समोच्च रेषांचे, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचे, तसे नाही. 'रेषा जवळ असतील तर उतार तीव्र' हे मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि नकाशा पुढे ठेवला की डोंगराची पुढे आलेली सोंड कोणती नि दरी कोणती, हे त्यांना सांगता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली वाळूची पेटी म्हणूनच मला मोलाची वाटते. पेटीवर टांगलेला किनेक्ट हा अंतर मोजणारा, मुळात व्हिडिओ गेमसाठीचा कॅमेरा वाळूची उंची सतत मोजतो आणि त्यावरून संगणकाने काढलेले रंग व समोच्च रेषा प्रोजेक्टर थेट वाळूवर पाडतो. मुलाने वाळू ओढून कडा उभा केला की त्याच्या हाताखालीच रेषा एकमेकींना भिडू लागतात. बोटे पसरून हात वर धरला की आभासी पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाहत दरीत साचते.

पेटीचे सॉफ्टवेअर मोफत आहे. मात्र किनेक्टचे उत्पादन 2017 मध्ये थांबल्याने तो जुन्या बाजारात शोधावा लागतो, शिवाय प्रोजेक्टर आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक हवा. पेटीऐवजी फोनवरचे ॲप घेणार असाल, तर विक्रेत्याला आपल्याच वर्गात, आपल्याच फोनवर, इंटरनेट बंद ठेवून ते दाखवायला सांगावे. गुळगुळीत पांढऱ्या टेबलावर फोनला पृष्ठभाग ओळखणे जड जाते. तिथे नक्षीची चादर अंथरावी.

पेटी केली, तर एक आग्रह धरावा. प्रोजेक्टर बंद ठेवून मुलांच्या हाती नकाशा द्यावा आणि तो डोंगर वाळूत घडवायला सांगावा. नंतर प्रोजेक्टर लावून पाडलेल्या रेषा नकाशाशी ताडून पाहू द्याव्यात. पेटी होईपर्यंत अर्धा कापलेला बटाटा पालथा ठेवून, त्यावर समान उंचीच्या रेषा आखून वरून पाहायला लावले, तरी या धड्याची सुरुवात याच आठवड्यात करता येईल.