स्टेटमेंटमध्ये 'एईपीएस कॅश विड्रॉल' दिसतंय पण मी एटीएमला गेलोच नाही, हे काय आहे?

एईपीएस म्हणजे आधार नंबर आणि अंगठा लावून काढलेली कॅश, गावात बँक मित्राकडे काढतात ना तेच, त्यात कार्ड-पिन काहीच लागत नाही. आधी घरात विचारा, माझ्या आईच्या पासबुकात अशी २००० ची एन्ट्री होती, तिनेच किराणा दुकानात अंगठा लावून काढलेले आणि विसरून गेली. पण कुणीच काढले नसतील तर प्लीज थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमात तीन कामाच्या दिवसांत कळवण्याला खूप महत्त्व आहे. आणि अंगठा काही पिनसारखा बदलता येत नाही, म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक आजच लॉक करून टाका.