कार्बन प्लेटचे बूट घेऊ का?

प्रश्न : हाफ मॅरेथॉन १ तास ३४ मिनिटांत धावतो. जानेवारीत मुंबईत फुल धावायची आहे. वीसेक हजारांचे कार्बन प्लेटचे बूट घेतले तर वेळ कमी होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बहुधा होईल, पण श्रेय एकट्या प्लेटला, म्हणजे तळात बसवलेल्या कार्बनच्या ताठ पट्टीला देऊ नका. खरी उसळी तळातला जाड, हलका फोम देतो. प्लेट त्याला ताठ ठेवते. २०१७मध्ये अशा बुटांबद्दल गाजलेले ‘चार टक्के’ हे ऊर्जेच्या बचतीचे होते, वेळेतल्या कपातीचे नव्हेत.

माझी पहिली जोडी मी थेट शर्यतीतच घातली. शहाणपणा! पेडर रोडच्या उतारावर टाच डुगडुगायला लागली, नंतर चार दिवस जिना उलटा उतरत होतो.

तेव्हा दुकानात बूट घालून एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. घोटा आत कलंडला तर ती जोडी परत द्या, सवलत कितीही असो. घेतलीत तर आधी एक २५ किलोमीटरची धाव त्यातच काढा. रोजच्या सरावाला मात्र जुनेच बूट. आणि बक्षिसासाठी धावत असाल तर तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नाही ना, तेही बघा. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा तसा नियम आहे.