माझ्या ३ वर्षांच्या मुलाला लिनिअर आयजीए हा फोडांचा आजार आहे. डॉक्टरांनी डॅप्सोन सांगितलंय, पण ते कुष्ठरोगाचं औषध आहे ना? द्यावं का?

हाच प्रश्न मीही घाबरून विचारला होता. माझ्या मुलीला हा आजार चौथ्या वर्षी झाला.

डॅप्सोन कुष्ठरोगात जंतू मारायला देतात, पण इथे त्याचं काम निराळं. या आजारात शरीराने बनवलेली आयजीए प्रतिपिंडं त्वचेचे दोन थर जिथे जोडलेले असतात तिथेच जाऊन बसतात. मग पांढऱ्या पेशी तिथे जमतात, थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. डॅप्सोन त्या पेशींना आवरतं. हिचे नवे फोड आठवड्याभरात थांबले. त्याआधी दोन महिने साधा जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक चालू होतं आणि जुन्या फोडाभोवती मण्यांच्या माळेसारखे नवे उठतच होते. शेवटी बायोप्सी झाली, तेव्हा कुठे नाव कळलं.

औषध द्या, पण जी६पीडीची रक्ततपासणी झाल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा देऊ नका. हे एन्झाइम कमी असेल तर डॅप्सोनने लाल पेशी भराभर फुटतात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, म्हणून सुरुवातीला वरचेवर सीबीसी आणि लिव्हरची तपासणी करतात. दर वेळी सुई टोचताना ती रडायची आणि माझं काळीज हलायचं, पण एकही तपासणी मी चुकवली नाही. ओठ निळसर दिसले, लघवी गडद झाली, धाप लागली, ताप आला किंवा अंगावर वेगळंच पुरळ उठलं, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना गाठा. डॅप्सोन सोसत नसेल तर दुसरी औषधं आहेत.

माझी एक चूक सांगते. त्वचा स्वच्छ झाली म्हणून मी गोळी मनानेच बंद केली. थोड्याच दिवसांत मांड्यांवर पुन्हा फोड. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, त्याला बरेच महिने, कधी वर्षंही लागतात. बहुतेक मुलांत हा आजार काही वर्षांत आपोआप शमतो.

हो, आणि डोळे लाल होत असतील किंवा चुरचुरत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. तिथे व्रण राहू शकतात. भावंडांना जवळ येऊ द्या, हा आजार संसर्गजन्य नाही.