सोया मिल्कनंतर दूध पचेना? घाबरू नकोस

अरे सहा महिने सोया मिल्कवर होतास आणि डायरेक्ट लग्नात दोन वाट्या बासुंदी, मग पोट फुगणारच ना! आटवलेल्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एकवटतं. दूध सोडल्यामुळे ही साखर पचवणारं लॅक्टेज एन्झाइम संपलं असं नसतं हां, ते वयानुसार जीन्सप्रमाणे कमी होतं, पण आतड्यातल्या बॅक्टेरियांची लॅक्टोजची सवय मात्र मोडते. माझंही असंच झालेलं. आधी ताक-दही घे, मग जेवणासोबत पाव कप दूध, ४-५ दिवसांनी थोडं वाढव, उपाशीपोटी नको. एक कप दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, तेवढं बऱ्याच जणांना हळूहळू झेपतं. साजूक तूप बिनधास्त खा, त्यात जवळपास नसतंच. आणि शौचातून रक्त किंवा वजन उतरत असेल तर हे प्रयोग बंद, सरळ डॉक्टर गाठ.